थर्टीन (ब्लॅक सॅबथचा अल्बम)

थर्टीन : इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात उदयाला आलेल्या ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल (विद्युत गिटारच्या जड, गडद नादावर उभा असलेला रॉक संगीताचा प्रकार) बँडचा एकोणिसावा आणि अखेरचा स्टुडिओ अल्बम. तो जून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गायक ऑझी ऑस्बॉर्न, गिटारवादक टोनी आयोमी आणि बास गिटारवादक व मुख्य गीतकार गीझर बटलर हे तिघे संस्थापक १९७८ च्या ‘नेव्हर से डाय!’ नंतर तब्बल ३५ वर्षांनी संपूर्ण अल्बमसाठी एकत्र आले. त्या वेळी आयोमी ६५, ऑस्बॉर्न ६४ आणि बटलर ६३ वर्षांचे होते. मूळ चौकडीतील ड्रमवादक बिल वॉर्ड मात्र या अल्बममध्ये नाहीत. मुख्य आवृत्तीत आठ गाणी असून त्यांचा कालावधी सुमारे ५३ मिनिटांचा आहे.

ज्यांनी हेवी मेटल घडवले त्यांच्याबरोबरच तो संगीतप्रकारही वयाने वाढत गेला. उतारवयात या संगीताचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे याच पिढीपुढे पहिल्यांदा उभा राहिला. ख्यालगायकीत तो तितकासा बोचत नाही. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या निमित्ताने, अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत वयोवृद्ध गायक बसला, तर त्याच्या आवाजातील थकवा श्रोते मनावर घेत नाहीत आणि मुरलेल्या विचाराची वाट पाहतात. मेटलचे भांडवल मात्र तारुण्य, आवाजाचा जोर आणि बंडखोरी हेच राहिले. मग साठी ओलांडलेल्या वादकांपुढे दोन वाटा उरतात : पूर्वी न केलेले काही करून पाहणे किंवा आपल्याच आरंभाकडे परतणे. आयर्न मेडन या मेटल बँडने २०१५ च्या ‘द बुक ऑफ सोल्स’ या अल्बममध्ये पहिली वाट धरली आणि १८ मिनिटांच्या गाण्यापर्यंत मजल मारली. ‘थर्टीन’ने दुसरी वाट धरली, आणि त्याचे गुण व मर्यादा या दोन्हींचा उगम याच निवडीत आहे.

ऑस्बॉर्न यांना १९७९ मध्ये बँडमधून काढण्यात आले. त्यानंतर रॉनी जेम्स डिओ आणि इतर गायकांना घेऊन आयोमी यांनी बँडचे नाव चालू ठेवले. त्या नावाचा याआधीचा स्टुडिओ अल्बम १९९५ चा होता. १९९७ नंतर मूळ सभासद मैफलींसाठी एकत्र येऊ लागले आणि २००१ मध्ये निर्माते रिक रुबिन यांच्यासह नव्या अल्बमचा घाटही घातला गेला, पण तो तडीस गेला नाही. मे २०१० मध्ये डिओ यांचे निधन झाले. ११ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलिस येथे चौघांनी पुनर्मीलनाची घोषणा केली खरी, परंतु पुढच्या काही आठवड्यांतच आयोमी यांना लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, झाल्याचे निदान झाले. पाठोपाठ फेब्रुवारी २०१२ मध्ये वॉर्ड यांनी, सही करता येईल असा करार मिळाल्याशिवाय आपण सहभागी होणार नाही, असे जाहीर केले. उपचारांच्या काळात प्रवास टाळता यावा म्हणून उरलेले दोघे इंग्लंडमध्ये आयोमी यांच्याकडे आले आणि गाण्यांची जुळवाजुळव तेथे चालू राहिली. मुख्य ध्वनिमुद्रण पुढे कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथील शांग्री-ला स्टुडिओत झाले.

रुबिन यांचा या क्षेत्रातील अधिकार वेगळ्या प्रकारचा होता. स्लेअर या मेटल बँडच्या तरुण, वेगवान संगीताची निर्मिती त्यांनी १९८६ मध्ये केली होती, तसेच १९९४ मध्ये अमेरिकी कंट्री संगीताचे वृद्ध गायक जॉनी कॅश यांना केवळ एका गिटारीच्या साथीवर गायला बसवून त्यांच्या कारकिर्दीला नवा बहर आणला होता. साज काढून टाकला की कलावंताचे मूळ रूप दिसते, ही त्यांची धारणा होती. सॅबथच्या बाबतीत त्यांनी तिघांना १९७० चा पहिला अल्बम पुन्हा ऐकवला आणि हेवी मेटल हे नाव रूढ होण्यापूर्वीच्या मनःस्थितीत परतण्याचा आग्रह धरला. तो पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात, जवळजवळ मैफल रंगवावी तसा मुद्रित झालेला होता. ब्लूज आणि जॅझ ऐकत वाढलेल्या चार कामगारवर्गीय तरुणांचे ते वादन होते. म्हणून ‘थर्टीन’साठीही वादकांना शक्य तितके एका खोलीत, एकमेकांना ऐकत वाजवायला लावले गेले. ड्रमसाठी रुबिन यांनी रेज अगेन्स्ट द मशीन या बँडमधील ब्रॅड विल्क यांना बोलावले.

विल्क यांचे वादन भक्कम आणि शिस्तीचे आहे, तरीही वॉर्ड यांची उणीव भासतेच. वॉर्ड जॅझच्या संस्कारातून आलेले होते. आयोमी यांची चाल संपली की रिकाम्या जागेत ते आपले काही बोलत, मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत, आणि त्यामुळे संथ गाणीही झुलत राहत. विल्क मात्रा सांभाळतात. पहिल्या अल्बमची पद्धत पुन्हा वापरता आली, पण त्या पद्धतीला ज्याच्यामुळे अर्थ होता तो चौथा माणूस करारावरून बाहेर राहिला, हे या अल्बमचे सर्वांत मोठे वैगुण्य मानावे लागते.

आयोमी यांच्या स्वराचा उगम समजून घेण्यासाठी सांगली-मिरजेच्या वाचकाला फार लांब जावे लागत नाही. ते डावखुरे असल्याने गिटारच्या मानेवरील तारा उजव्या हाताच्या बोटांनी दाबतात. वयाच्या सतराव्या वर्षी शीट मेटलच्या कारखान्यातील नोकरीच्या अखेरच्या दिवशी, गैरहजर कामगाराच्या जागी यंत्रावर बसले असता उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके प्रेसखाली तुटली. कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही हा अपघात वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली आणि त्यांवर चामड्याचा तुकडा चिकटवला. नेहमीच्या तारा या टोपणांनी दाबणे जड जाई, म्हणून त्यांनी बारीक तारांचा शोध घेतला. तशा तारा तेव्हा गिटारसाठी सहज मिळत नसल्याने त्यांनी बँजोच्या तारा चढवल्या. १९७१ पासून काही गाण्यांसाठी त्यांनी सगळी गिटार पांढरी तीनवरून काळी एकवर उतरवली. तार ढिली झाली की बोटावरचा ताण हलका होतो आणि स्वर खर्जाकडे झुकतो. पुढे मेटलमधील असंख्य बँडांनी ज्या गडद, जड नादाचे अनुकरण केले, त्याच्या मुळाशी असा एक कामचलाऊ उपाय आहे.

तारेची जाडी, ताण आणि पट्टी यांचा हाच हिशेब मिरजेतील तंबोरा व सतार बनवणारे कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून करत आले आहेत. हा व्यवसाय तेथे फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झाला असे मानले जाते. शिकलगार घराणी मुळात शस्त्रांना धार लावणारी होती, आणि तलवारींचे काम आटू लागल्यावर त्यांचे हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पुरुष गायकाच्या खालच्या पट्टीसाठी लांब दांडीचा आणि मोठ्या भोपळ्याचा तंबोरा निवडताना कारागीर तारांचे माप बदलतो. आयोमी यांना वाद्याची लांबी बदलता येत नव्हती, त्यामुळे त्यांच्या हाती तारेची जाडी आणि ताण एवढेच उरले.

साम्य आणखी एका ठिकाणी आहे. तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा, भरलेला नाद) काढताना घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा अशा जागी बसवतात, की तार घोडीला हलकेच घासत राहते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर उमटतात. विद्युत गिटारमध्ये अँप्लिफायरवर त्याच्या सोसण्यापलीकडे भार टाकला, की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात आणि तेथेही मूळ संकेतात नसलेले उपस्वर निर्माण होतात. त्यात मेटलचे वादक प्रामुख्याने षड्ज आणि पंचम एवढेच एकत्र छेडतात. तंबोऱ्याचीही नेहमीची जुळणी तीच. उपस्वरांनी इतक्या भरलेल्या नादात तिसरा स्वर मिसळला तर गोंधळ होतो, हे दोन्ही परंपरांना आपापल्या वाटेने कळले असावे, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र येथे साम्य संपते, कारण तंबोरा गाण्याच्या मागे राहतो आणि आयोमी यांची गिटार स्वतःच गाणे असते.

पहिल्या अल्बममधील ‘ब्लॅक सॅबथ’ या गाण्याची चाल षड्ज, तार षड्ज आणि त्यावरून उतरून तीव्र मध्यम अशी आहे. युरोपीय कानाला षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतर परंपरेने अस्वस्थ करणारे वाटत आले. यमन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला तीव्र मध्यम भीतिदायक वाटण्याचे कारण नाही. सॅबथच्या गाण्यात त्याला जे खटकते ते तो स्वर पंचमाकडे न नेता तसाच अधांतरी सोडून देणे. ‘थर्टीन’चे पहिले गाणे ‘एंड ऑफ द बिगिनिंग’ याच जुन्या गाण्याची संथ लय आणि रचना उघडपणे आठवून देते, आणि पुढे वेग घेते तेही तशाच पद्धतीने. ‘झाइटगाइस्ट’ हे ध्वनिक गिटार आणि हाताने वाजवायच्या तालवाद्यांवर चालणारे गाणे १९७० मधील ‘प्लॅनेट कॅरॅव्हन’च्या इतके जवळ जाते की ते स्वतंत्रपणे ऐकणे अवघड होते. ‘लोनर’ आणि ‘लिव्ह फॉरेव्हर’ ही गाणी नेटकी आहेत, एवढेच म्हणता येईल.

अल्बमचा खरा कस उत्तरार्धात लागतो. ‘डॅमेज्ड सोल’ हे लांबलचक ब्लूज अंगाचे गाणे कोणत्याही जुन्या गाण्याची नक्कल करत नाही. ऑस्बॉर्न यांचा हार्मोनिका आणि आयोमी यांचे घाई नसलेले स्वरविस्तार यांतून तीन ज्येष्ठ वादक आपल्या मूळ आवडीकडे सहज परतलेले दिसतात. बटलर यांची गीतेही वयाबरोबर गंभीर झाली आहेत. जवळजवळ नऊ मिनिटांच्या ‘गॉड इज डेड?’मध्ये जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचे ‘देव मेला आहे’ हे प्रसिद्ध विधान प्रश्नचिन्हासह घेतले असून गाण्याचा शेवट श्रद्धेच्या बाजूने होतो. ‘डिअर फादर’ हे अखेरचे गाणे धर्मगुरूकडून बालपणी अत्याचार झालेल्या व्यक्तीच्या तोंडी आहे. ते संपल्यावर पाऊस, मेघगर्जना आणि घंटेचा आवाज ऐकू येतो. पहिल्या अल्बमचा आरंभ नेमका याच आवाजांनी झाला होता. ऑस्बॉर्न यांचा आवाज सर्वत्र मर्यादित पट्ट्यात फिरतो, वर जात नाही. पण आर्जवी, एकसुरी म्हणणी ही त्यांची शैली पहिल्यापासूनच असल्यामुळे वयाचा फटका येथे अपेक्षेपेक्षा कमी बसला आहे.

ध्वनीच्या अंतिम संस्करणावर मात्र रास्त टीका झाली. त्या काळच्या प्रघाताप्रमाणे सगळा आवाज वरच्या मर्यादेला टेकवून ठेवल्याने हळू आणि मोठा यांतील फरक पुसट झाला आहे. रुबिन यांचीच निर्मिती असलेल्या मेटॅलिका या मेटल बँडच्या २००८ मधील ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमवरही हाच आक्षेप घेतला गेला होता. १९७० च्या मोकळ्या, खोलीचा अवकाश जाणवणाऱ्या ध्वनीकडे परतण्याची प्रतिज्ञा केलेल्या अल्बममध्ये हा दोष अधिक खुपतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तो फारसा कळणार नाही, पण बऱ्यापैकी हेडफोन लावून सलग ऐकल्यास अर्ध्या तासात कान थकतात.

व्यावसायिकदृष्ट्या अल्बमला मोठे यश मिळाले. ब्रिटनच्या विक्रीयादीत बँड पहिल्या क्रमांकावर यापूर्वी १९७० मध्ये ‘पॅरानॉइड’मुळे गेला होता, तेथे पुन्हा पोहोचायला जवळजवळ ४३ वर्षे लागली. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे १,५५,००० प्रती विकल्या गेल्या आणि बँडचा अल्बम तेथे प्रथमच अग्रस्थानी आला. जानेवारी २०१४ मध्ये ‘गॉड इज डेड?’ला सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

याच ध्वनिमुद्रणातून उरलेली चार गाणी २०१६ मध्ये ‘द एंड’ या छोट्या संचात आली आणि त्याच नावाचा निरोपाचा दौरा ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्ये संपला. ५ जुलै २०२५ रोजी तेथील व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे, म्हणजे वॉर्ड यांच्यासह, शेवटचे एकत्र वाजले. २२ जुलै रोजी ऑस्बॉर्न यांचे निधन झाले. त्या अखेरच्या मैफलीत बँडने चारच गाणी सादर केली. ती चारही १९७० मधील पहिल्या दोन अल्बममधील होती. ‘थर्टीन’मधील एकही गाणे त्यांत नव्हते.