बदामी डब्याला रंग चढला तेव्हा

ॲपलच्या रंगीत आयमॅक संगणकांच्या जुन्या जाहिराती पाहिल्या की आजही अनेकांना त्या काळाची ओढ लागते. मला ही ओढ रास्त वाटते, कारण त्या रंगांमागे एका बुडत्या कंपनीचं धाडस होतं.

त्याआधीची दोन दशकं बहुतेक संगणक बदामी किंवा राखाडी प्लॅस्टिकच्या डब्यात यायचे. कार्यालयाच्या टेबलावर कुणाच्या नजरेत भरू नये, असं ते रूप. ऑलिव्हेटी या इटालियन कंपनीचा लालभडक ‘व्हॅलेंटाइन’ टाइपरायटर १९६९ सालीच बाजारात आला होता, पण संगणकवाल्यांनी त्यातून काही घेतलं नाही.

१९९७च्या आर्थिक वर्षात ॲपलला १ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्याच सुमारास सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स कंपनीत परतले आणि डिझायनर जॉनथन आइव्ह यांच्या चमूला मोकळीक मिळाली. अर्धपारदर्शक हिरव्या प्लॅस्टिकचा प्रयोग शाळांसाठीच्या ईमेट ३०० या ॲपलच्याच छोट्या संगणकावर आधीच झाला होता. ६ मे १९९८ रोजी जॉब्स यांनी आयमॅक दाखवला. सिडनीच्या बोंडाय किनाऱ्याचं नाव दिलेला हिरवट निळा रंग, गोलसर अंग, आतले भाग अंधुक दिसतील असं कवच, किंमत १,२९९ डॉलर. आणि वर चक्क एक मूठ! सुमारे १७ किलोंचं ते धूड रोज कोण उचलणार? पण मूठ दिसली की हात आपसूक पुढे होतो आणि यंत्राचा धाक कमी होतो. आइव्ह यांना नेमकं हेच साधायचं होतं.

जाहिरातीही याच वळणाच्या. इतर कंपन्या मेगाहर्ट्‌झचे, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचे, आकडे मोजत असताना, अभिनेते जेफ गोल्डब्लम इंटरनेटवर जाण्याच्या तीन पायऱ्या सांगायला घ्यायचे आणि तिसरी पायरी नाहीच म्हणून थांबायचे. दुसऱ्या एका जाहिरातीत सात वर्षांचा मुलगा आपल्या कुत्र्यासोबत आयमॅक सहज जोडून मोकळा होतो, आणि एमबीएचा विद्यार्थी दुसऱ्या संगणकाच्या वायरींशी झगडत राहतो. जानेवारी १९९९मध्ये ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, टँजरीन, लाइम आणि ग्रेप असे पाच फळरंग आले. छापील जाहिरातीत ही पाच यंत्रं गोलाकार मांडलेली आणि सोबत एकच इंग्रजी शब्द, ‘यम’ (Yum), म्हणजे ‘चविष्ट’. टीव्हीवर ती रोलिंग स्टोन्सच्या गाण्यावर गिरक्या घेत होती. संगणकाची जाहिरात तोंडाला पाणी सुटावं अशी करता येते, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग नकलांची लाट आली. अर्धपारदर्शक रंगीत प्लॅस्टिक घरातल्या किरकोळ वस्तूंपर्यंत पोहोचलं. २००१मधले फुलाफुलांचे आणि ठिपक्यांचे आयमॅक माझ्या मते जरा अतीच झाले. जानेवारी २००२मध्ये सपाट पडद्याचा पांढरा आयमॅक आला.

रंग मागे पडण्याचं एक कारण तंत्रातच होतं, असं मला वाटतं. जुन्या पडद्यांची पिक्चर ट्यूब खोल असल्यामुळे पाठीमागे मोठा घुमट लागायचा आणि त्या घुमटातच रंगाला जागा होती. २०२१मध्ये ॲपलने पुन्हा सात रंगांत आयमॅक काढला, तो अवघा ११.५ मिलिमीटर जाडीचा. रंग देखणे आहेत, पण अपारदर्शक ॲल्युमिनियममधून आतलं काही दिसत नाही.