एक नर, तीन माद्या: कॉमन मॉरमॉनच्या बहुरूपतेचा शोध

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावर अंडी घालणारे कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू महाराष्ट्रात परसबागेतही सहज दिसते, पण त्याच्या माद्या ओळखणे अभ्यासकांना बराच काळ अवघड गेले. नर काळा असून त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असतो. मादी मात्र तीन रूपांत आढळते: एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोझ या वेगळ्या जातीच्या फुलपाखरासारखी आणि तिसरी क्रिमसन रोझ या फुलपाखरासारखी. १७५८ मध्ये सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने या एकाच जातीला पॉलिटिस आणि पॅमॉन अशी दोन नावे दिली, तर पुढे क्रॅमरने तिसऱ्या रूपाला रोम्युलस हे निराळे नाव दिले. केवळ टाचणीवर लावलेले नमुने पाहून याहून वेगळा निष्कर्ष निघणे कठीणच होते.

१८६५ मध्ये निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाय प्रदेशातील फुलपाखरांविषयीच्या निबंधात ही सर्व एकाच जातीची रूपे असल्याचे मांडले आणि बेट्स यांनी तीन वर्षांपूर्वी सुचवलेल्या अनुकरणाच्या कल्पनेने त्यांचा अर्थ लावला. रोझ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातील विषारी वेलींवर वाढत असल्याने पक्षी त्यांना टाळतात, आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या निर्विष मॉरमॉन माद्यांनाही त्या भीतीचा लाभ मिळतो. अंड्यांचे ओझे वाहणाऱ्या मादीला संरक्षणाची गरज अधिक, हे वॉलेस यांचे म्हणणे मला आजही पटण्याजोगे वाटते. अर्थात, नक्कल करणाऱ्यांची संख्या फार वाढली की पक्ष्यांची भीती ओसरते. नरासारखी मादी टिकून राहण्यामागे हेही एक कारण मानले जाते.

आनुवंशिकतेचा उलगडा त्यानंतर सावकाश झाला. १९१३ च्या सुमारास फ्रायर यांनी श्रीलंकेत पिढ्यानुपिढ्या फुलपाखरे वाढवून ही रूपे मेंडेलच्या नियमांप्रमाणे उतरतात हे दाखवले, आणि क्लार्क व शेपर्ड यांनी १९७२ मध्ये तो अभ्यास पुढे नेला. पंखांचा रंग, नक्षी असे अनेक गुण एकत्रच पुढच्या पिढीत जात असल्याने त्यासाठीची अनेक जनुके गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असावीत, असा तर्क त्या काळात प्रबळ होता. २०१४ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र हे काम डबलसेक्स हे एकच जनुक करते असे दाखवले. कीटकांमध्ये नर-मादीचा भेद घडवणाऱ्या या जनुकाचा तुकडा कॉमन रोझची नक्कल करणाऱ्या पॉलिटिस रूपातील मादीच्या गुणसूत्रावर उलटा बसलेला असतो, त्यामुळे त्यातील बदलांची सरमिसळ होत नाही आणि पूर्ण वेश जसाच्या तसा लेकीकडे जातो.