टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळं ठीक?

"टॅपेटचा आवाज येत नाही ना, मग व्हॉल्व्हला हात लावू नका." बाइकच्या इंजिनाबद्दल हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाही आहे, कारण टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातली बारीक फट, वाढला की टकटक खरंच ऐकू येते. पण गॅप कमी झाला तर इंजिन उलट जास्त शांत होतं, आणि धोका तिथेच आहे.

वापराने व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (मिटताना तो जिथे टेकतो ती जागा) झिजते, व्हॉल्व्ह किंचित वर सरकतो, गॅप घटतो. तो संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. टेकलाच नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं. मग हेड उघडावं लागतं. थोडी टकटक त्यापेक्षा कितीतरी बरी.

म्हणून कानावर नको, फिलर गेजवर, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांवर, विश्वास ठेवा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. मॅग्नेटो कव्हरच्या खिडकीत 'टी' खूण (पिस्टन सर्वात वर आल्याची) जुळवा आणि दोन्ही रॉकर हलके हलतात का पाहा. हलत नसतील तर क्रँक आणखी एक फेरा फिरवा. मॅन्युअलमधल्या मापाची पट्टी, समजा ०.०८ मिमीची, गॅपमध्ये सरकवा. ती किंचित अडत, घासत निघाली पाहिजे. शिरलीच नाही तर गॅप कमी आहे, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी.

हायड्रॉलिक टॅपेटच्या (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणाऱ्या) मोजक्या गाड्यांना मात्र हे लागत नाही.