रात्रीपुरता मुक्काम, कमी दर: वादाची पार्श्वभूमी

कॅराव्हॅन किंवा मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, पार्कमध्ये फक्त रात्रीपुरती थांबली तर तिला पूर्ण दिवसाचं भाडं लावायचं की कमी दर, असा हा वाद आहे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाला मंजुरी मिळाली, तेव्हा भर होता तो अशा गाड्या उभ्या करायचे पार्क उभारण्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि नागपूरहून सकाळी निघालेली मोटरहोम दिवस मावळायच्या आत वेरूळ गाठू लागली. त्यात अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोमवारी वेरूळ पाहून मंगळवारी अजिंठ्याला जाणाऱ्याला फक्त रात्र काढायची असते. त्याच्याकडून २४ तासांचं भाडं घेणं अन्यायाचंच आहे. जर्मनी, डेन्मार्कमधल्या अनेक कॅम्पवर संध्याकाळी उशिरा येऊन सकाळी निघणाऱ्या गाडीला कमी दर असतो.

आपल्याकडे घोडं अडतं ते पाण्यावर. गाडीची टाकी साधारण १०० लिटरची, आणि निघताना ती काठोकाठ भरून घ्यायची सवय. एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घेणाऱ्या पार्कच्या मालकाला रात्रीचा दर कमी करून हे पाणी फुकट देणं परवडत नाही. याच मराठवाड्यात २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथे पाणी भाड्यात धरताच येत नाही. जागेचं भाडं कमी ठेवा, पण नळाला मीटर लावून लिटरप्रमाणे पैसे घ्या.

गाडीतल्या संडासच्या कॅसेटचंही, म्हणजे मैला साठवणाऱ्या सुट्या पेटीचंही तसंच. १५ ते २० लिटरची ही पेटी थेट सेप्टिक टँकमध्ये रिकामी केली, तर तिच्यातलं फॉर्मल्डिहाइडचं औषध टाकीतले जिवाणू मारतं. मग मैला कुजत नाही, गाळ साचतो, बाहेर जाणारा पाइप तुंबतो आणि वास सुटतो. त्यासाठी वेगळी बंद टाकी हवी. ती उपसायला गाडी बोलवावी लागते, म्हणून कॅसेट रिकामी करण्याचे पैसेही वेगळे घ्यावेत.

विजेचा हिशोब सोपा आहे. दीड टनी एसी तासाला दीड युनिटपर्यंत खातो, म्हणजे दहा तासांत १५ युनिट. प्रत्येक जागेला १६ अँपिअरचा सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि सबमीटर द्यावा. लांबवर बारीक वायर ओढली की व्होल्टेज पडतं, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि पाहुणे मालकाशी भांडतात.

सकाळी जागा कधी सोडायची, हे मात्र अजून ठरत नाही. वेरूळची लेणी सूर्योदयाला उघडतात. पाहुणे गाडी तिथेच ठेवून गेले तर दुपारपर्यंत जागा अडते. लेणी पाहायला जाताना गाडी सोबत न्यायची, ही अट पावतीवरच छापलेली असावी.