इसबगोल, हळद, गुळवेल आणि चालू गोळ्या

ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये शौचालय नसतं. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असलेल्यांना हे सांगावं लागत नाही. गाडीत चढण्याआधीच 'मधेच लागली तर?' ही धास्ती बसते आणि तिनेच पोटात मुरडा येतो. हे मनाचे खेळ नव्हेत. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. म्हणूनच मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी 1984 साली आयबीएसवर संमोहनाचा प्रयोग केला आणि रुग्णांना खरोखर आराम पडला. घंटाळीच्या योगवर्गाला जाणारे काका 'प्राणायामाने पोट शांत राहतं' म्हणतात, ते अगदीच हवेतलं नाही.

इसबगोल तर आजीच्या फडताळातही असतो आणि एमडी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही. नेदरलँड्समध्ये 275 आयबीएस रुग्णांवर झालेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसबगोलाने त्रास कमी झाला. गव्हाच्या कोंड्याने मात्र अनेकांना उलट जास्तच त्रास झाला. 'फायबर खा' हा सल्ला त्यामुळे अर्धवट आहे. पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा तंतू हवा. तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा आणि थायरॉइडसारख्या गोळ्यांपासून काही तास दूर ठेवावा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिसची गोष्ट वेगळी. तिथे आतड्याला खरोखर जखमा असतात. मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करणारं नेहमीचं औषध) घेऊनही आजार न शमलेल्या 50 रुग्णांची एक चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. गोळ्या चालू ठेवून काहींना रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला एक घटक, दिलं. महिन्याभरात त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा आजार आटोक्यात आला. दुसऱ्या गटात एकाचाही नाही. चाचणी छोटी आहे, आणि आमटीतल्या हळदीने हे साधणार नाही: हळदीत कर्क्युमिन जेमतेम 3 टक्के, म्हणजे रोज 100 ग्रॅम हळद खावी लागेल! माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट हळद नाहीच, गोळ्या चालू होत्या ही आहे. बरं वाटतंय म्हणून मेसालामाइन सोडून नुसत्या चूर्णावर राहणाऱ्यांचा आजार बहुतेकदा उलटतो.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या काहींच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण कोलायटिससाठी अझाथायोप्रिन, हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, घेणाऱ्याच्या यकृतावर मुळातच लक्ष ठेवावं लागतं. तो गुपचूप काढाही घेत असेल, तर रिपोर्ट बिघडल्यावर दोष कुणाचा, हे डॉक्टरांना कळणार कसं? वैद्यांची पुडी आणि एमडींची फाईल दोन्ही एकाच पिशवीत घालून दोघांनाही दाखवावीत.

आणि शौचातून रक्त, वजन घटणं किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर आधी तपासण्या. आपल्याकडे आतड्याचा क्षयही क्रोन्स या आतड्यांना सूज आणणाऱ्या आजारासारखाच दिसतो. तो न ओळखता स्टेरॉइड सुरू केले तर क्षय फोफावतो.