झाबुआचा खसरा आणि दिल्लीचे अहवाल

इंदूरहून धार-झाबुआच्या वाटेला लागलं की अनुसूचित क्षेत्र, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचा आदिवासी भाग, सुरू होतो. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी हे जिल्हे तर अख्खेच त्यात येतात. इथल्या भिल्ल-भिलाल्यांचं सरकारशी नातं समजून घ्यायचं, तर चौकशी अहवाल आणि त्यामागून आलेला कायदा शेजारी-शेजारी ठेवून वाचावा. शिफारशीतलं जे कायद्यात आलं नाही, ते आधी शोधावं.

सुरुवात सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आदिवासींवरच्या 1939 च्या अहवालापासून करावी. तो मुंबई प्रांतापुरता आहे. होळकरी मुलूख त्यात नाही. पण पश्चिम खानदेश आणि दोहद आहेत, म्हणजे भिल्लांचा शेजार आहेच. सावकार, जंगलखातं आणि लग्नाच्या कर्जापायी राबणारा गडी हे तिन्ही त्यात भेटतात.

स्वातंत्र्यानंतर कलम 339 नुसार, राज्यघटना लागू झाल्यावर दहा वर्षांनी अनुसूचित क्षेत्रं आणि जमातींसाठी आयोग नेमणं बंधनकारक होतं. उ. न. ढेबर यांचा आयोग 1960 मध्ये नेमला गेला, अहवाल 1961 मध्ये आला. 26 जानेवारी 1950 नंतर आदिवासींच्या हातून गेलेली जमीन मूळ मालकाला परत द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. ही तारीख लिहून ठेवा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत 1980 मध्ये 170-ब कलम घातलं गेलं, त्यात मोजणी सुरू होते ती 2 ऑक्टोबर 1959 पासून, म्हणजे संहिता लागू झाली त्या दिवसापासून. मधली साडेनऊहून जास्त वर्षं या कलमाबाहेर राहिली.

कलम तसं कडक आहे. आदिवासीची जमीन कशी मिळाली, हे कब्जेदारानेच एसडीओला (उपविभागीय अधिकाऱ्याला) कळवायचं. मुदतीत न कळवल्यास कब्जा बेकायदा धरून जमीन परत. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. एक, दुसऱ्याच आदिवासीच्या नावावर बेनामी खरेदी होते, मग कागदावर जमीन बिगर-आदिवासीकडे गेलेलीच दिसत नाही. दोन, आदेश निघतो, खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, नाव चढतं, पण नांगर त्याच जुन्या कब्जेदाराचा चालतो. म्हणून निकालाची प्रत हाती आली तरी कब्जा खरंच दिला गेला का, हे वेगळं तपासावं लागतं.

पुढचं नाव याच भागातलं. झाबुआचे तेव्हाचे खासदार दिलीपसिंह भूरिया यांच्या समितीने 1995 मध्ये ग्रामसभेला केंद्रस्थानी ठेवणारा अहवाल दिला आणि डिसेंबर 1996 मध्ये पेसा, म्हणजे पंचायत व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांत नेणारा कायदा झाला. कायद्याचा मसुदा वाचताना ‘किंवा’वर बोट ठेवा. कितीतरी अधिकार ‘ग्रामसभा किंवा योग्य स्तरावरील पंचायत’ यांना दिलेले आहेत. भूसंपादनाच्या बाबतीत तर फक्त सल्लामसलत. मध्य प्रदेशचे पेसा नियम यायला 15 नोव्हेंबर 2022 उजाडलं. कलम 339 खालचा दुसरा आयोगही भूरियांच्याच अध्यक्षतेखाली, पण तो 2002 मध्ये. पहिल्यानंतर तब्बल 42 वर्षांनी.

निमाडात सरदार सरोवराचं प्रकरण वेगळ्या वाटेने गेलं. 1979 च्या नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात पाव हिश्श्याहून अधिक जमीन बुडालेल्या खातेदाराला किमान 2 हेक्टर जमीन द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात रोख पैसे हप्त्यांनी मिळू लागले, आणि पुढचा हप्ता मिळायचा तो नव्या जमिनीची रजिस्ट्री दाखवल्यावर. बनावट रजिस्ट्र्यांचा धंदा फोफावला तो याच अटीतून: दलाल कागद करून देई, पैशात वाटा घेई आणि जमीन कुठेच नसे. याच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2008 मध्ये न्यायमूर्ती झा आयोग बसला. अहवाल 2016 मध्ये आला. फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा फसलेल्या 1,358 कुटुंबांना प्रत्येकी 15 लाख देण्याचा आदेश दिला, आधी मिळालेली रक्कम वजा करून.

झा आयोगाचा अहवाल हाती घ्याल तेव्हा आधी कार्यकक्षा, म्हणजे आयोगाला नेमून दिलेले चौकशीचे मुद्दे, वाचा. आयोगाला काय विचारलंच नव्हतं, हे तिथेच कळतं. मग सरकारने सभागृहात मांडलेलं कार्यवाहीचं ज्ञापन, म्हणजे अहवालावर काय केलं याचं निवेदन, शोधा. चौकशी आयोग कायदा, 1952 प्रमाणे अहवालासोबत ते सहा महिन्यांत विधिमंडळापुढे यायला हवं. ढेबर किंवा भूरिया यांना मात्र हा नियम लावू नका. ते त्या कायद्याखालचे नव्हेत.