बारा तारांचा ताण

साठच्या दशकातली रिकनबॅकर ३६०/१२ ही बारा तारी इलेक्ट्रिक गिटार विकायला निघाली की माणसं आधी तिचा रंग बघतात. कडांना लाल आणि मध्याकडे पिवळसर होत गेलेला तो ‘फायरग्लो’ किती उतरलाय, ओरखडे किती, मूळची केस, म्हणजे तिची पेटी, सोबत आहे का? किंमतही बरीचशी यावरच ठरते. मला मात्र अशा गिटारच्या प्रकृतीबद्दल सगळ्यात आधी विचारावंसं वाटतं ते तिच्या नेकबद्दल. साठ वर्षं बारा तारांनी ओढून धरलेला हा लाकडाचा दांडा आज सरळ आहे का?

कारण ओढ साधी नाही. हलक्या तारा चढवलेल्या सहा तारी इलेक्ट्रिक गिटारवर एकूण ताण साधारण ४५ किलोंचा असतो. बारा तारांचा तो ८५ ते ९० किलोंपर्यंत जातो. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस त्या नेकला रात्रंदिवस लटकलेला असावा इतका. आणि रिकनबॅकरचा नेक काही जाडजूड नाही. नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिथे, त्याची रुंदी जेमतेम ४१ मिलिमीटर, त्यातच बारा तारा दाटीवाटीने बसवलेल्या.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आवाज ऐकला की कळतं. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत आले, तेव्हा कंपनीचे मालक फ्रान्सिस हॉल यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात आपल्या गिटारी मांडून ठेवल्या होत्या. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन त्या दिवशी आजारी होता, म्हणून नवी कोरी बारा तारी त्याच्याकडे नेण्यात आली. ती डिसेंबर १९६३ मध्ये बनलेली, क्रमांक सीएम १०७. पुढच्या काही महिन्यांत त्या झगमगत्या आवाजाने पॉप संगीताचा रंगच पालटला.

बारा तारा सहा जोड्यांत बसवलेल्या असतात, आणि ही झगमग येते त्या जोड्यांमधून. वरच्या सुरांच्या दोन जोड्यांतल्या तारा एकाच सुरात लावतात. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली बारीक. एका सुरातल्या दोन तारा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक सेकंदाला ३२९.६ वेळा कंप पावली आणि दुसरी ३३०.६ वेळा, तर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना हेच हेलकावे कानाने मोजत मोजत संपवायचे असतात. बारा तारी गिटारमध्ये ते पूर्ण संपतच नाहीत. जाड तार थोडी ताठ असते, त्यामुळे तिचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे स्वर, नेमक्या पटीपेक्षा किंचित चढे निघतात. मग सप्तकातली बारीक तार बरोबर दुप्पट कंपनांवर लावली तरी जाड तारेच्या दुसऱ्या हार्मोनिकशी तिचं हलकं घर्षण चालूच राहतं. रिकनबॅकरमध्ये आणखी एक खुबी आहे. बहुतेक बारा तारी गिटारींवर हात खाली येताना बारीक तार आधी छेडली जाते, इथे जाड तार आधी लागते. म्हणून तिचा खर्ज भक्कम वाटतो आणि वरचं सप्तक त्याच्या मागून उमटतं.

या जोड्यांचा माग गणितानेही काढता येतो. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे गणितज्ञ जेसन ब्राउन यांनी २००४ मध्ये बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या गाण्याच्या सुरुवातीच्या एका कॉर्डचं, म्हणजे एकदम वाजलेल्या स्वरसमूहाचं, फूरिये विश्लेषण (आवाजातल्या वारंवारिता वेगळ्या करण्याची गणिती पद्धत) प्रसिद्ध केलं. एका स्वराच्या जागी त्यांना अगदी जवळजवळच्या तीन वारंवारिता सापडल्या. गिटारच्या जोडीतून तीन निघत नाहीत. पियानोत मात्र मधल्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात. यावरून त्या कॉर्डमध्ये पियानोही मिसळलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आता त्या बिचाऱ्या सर्वांत बारीक तारेकडे या. तिसऱ्या जोडीतली, वरच्या सप्तकातली ‘जी’ स्वराची तार, व्यास ०.२ मिलिमीटर. तिला सेकंदाला ३९२ कंपनं करायची असतात, आणि त्यासाठी सव्वासहा किलोंच्या आसपास ताण द्यावा लागतो. इतक्या बारीक पोलादी तारेची सहनशक्ती नऊएक किलोंची. म्हणजे ती तुटण्याच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशावर कायम जगत असते. मग जाड तार का लावू नये? कारण जाड तार जड असते, तिला त्याच सुरात आणायला ताणही तेवढ्याच पटीने वाढवावा लागतो. प्रत्येक चौरस मिलिमीटरवरचा भार होता तेवढाच राहतो. तो ठरतो तारेची लांबी, स्वराची उंची आणि पोलादाची घनता यांवर. जाडीचा त्यात काही संबंध नाही. म्हणून नटची खाच जरा जरी खरखरीत झाली की आधी ही ‘जी’ जाते. जुनी गिटार वारंवार हीच तार तोडत असेल, तर तारांच्या कंपनीला दोष देण्याआधी ती खाच तपासावी.

तार तुटली तर दुसरी मिळते. लाकडाचं तसं नाही. ताण नेकच्या बरोबर मध्यातून जात नाही, दीडेक सेंटिमीटर वरून जातो. त्यामुळे नेक नुसता दाबला जात नाही, पुढे वाकायलाही बघतो. लाकूड कायमच्या भाराखाली हळूहळू आकार बदलतं, आणि भार असतानाच हवेतली आर्द्रता वर-खाली होत राहिली तर फारच जास्त बदलतं. नेक मेपलचा. ओलं मेपल पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे १० टक्के आकसतं, वलयांना आडव्या दिशेने ५ टक्के, लांबीत मात्र नाममात्र. वाळून तयार झालेल्या नेकमध्ये हे आकसणं बरंच कमी, पण थांबत कधीच नाही. कोरड्या हवेत नेक अरुंद होतो, फ्रेट (नेकवरच्या आडव्या पट्ट्या) मात्र धातूचे, त्यामुळे त्यांची टोकं कडेला बोटाला बोचू लागतात. गिटार कोरड्या हवेत राहिली की नाही हे सांगणारी ही सगळ्यात सोपी खूण.

वाकण्याला उत्तर म्हणून रिकनबॅकरने नेकमध्ये एकाऐवजी दोन ट्रस रॉड, म्हणजे वाक सावरणाऱ्या धातूच्या सळया, घातले. त्यामुळे खर्जाची बाजू आणि तारसप्तकाची बाजू वेगवेगळी सावरता येते, पीळ पडलेला नेकही काही प्रमाणात सोडवता येतो. पण जुन्या काळचे हे रॉड आजच्यासारखे नाहीत. त्यांनी नेक ओढून सरळ करायचा नसतो. आधी तारा सैल करून हाताने नेक हव्या त्या आकारात दाबून धरायचा, मग रॉडच्या टोकाचा स्क्रूचा नट फक्त टेकेल इतका आवळायचा. हे न जाणता पूर्ण ताण असताना कुणी पाना फिरवला की डोक्याकडच्या टोकाला फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली वरची लाकडी पट्टी, नेकपासून सुटतो. म्हणून जुनी बारा तारी बघताना मी तिथेच आधी नजर लावेन, डिंकाची रेघ सलग आहे का ते बघायला. दुसरी जागा टेलपीसची, म्हणजे तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या भागाची. नंतरच्या गिटारींवर आलेला ‘आर’ अक्षराच्या आकाराचा ओतीव टेलपीस दिसायला देखणा, पण बारा तारांखाली त्याला वाकणापाशी तडा जाऊ शकतो. तो ताणाखाली सुटला तर लाकडालाही जखम करतो.

पिकअपची, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबक आणि तारेच्या गुंडाळीची, चिंता लोक उगाच जास्त करतात. चुंबक सहसा टिकतात. बिघडते ती केसाहून बारीक तांब्याची तार, आणि तीही गंज चढून कुठे तुटली तरच. मल्टिमीटर लावला की त्या काळच्या ‘टोस्टर’ पिकअपवर साडेसात किलोओहमच्या आसपास आकडा दिसतो. पण तापमान लक्षात न घेता दोन आकड्यांची तुलना करू नये. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे थंड खोलीत आणि उन्हाळ्यातल्या दुपारी तोच पिकअप चार-पाच टक्क्यांनी वेगळा दिसेल. त्याऐवजी ब्रिजकडच्या (अंगावर तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याकडच्या) पिकअपच्या वाटेवरचा ०.००४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर जागेवर आहे का बघा. तो खालचे स्वर अडवतो, आणि त्या खणखणीत आवाजात त्याचा मोठा वाटा आहे. काही मालकांनी जाड आवाजासाठी तो काढून टाकला, आणि नंतरच्या मालकाला वाटलं पिकअप म्हातारे झाले.

गिटारच्या क्रमांकावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तो जॅकच्या, म्हणजे वायर खोचायच्या भोकाच्या, पत्र्यावर असतो, आणि पत्रा स्क्रूने लावलेला. म्हणून आतल्या पोटेन्शिओमीटरवर (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागावर) ठोकलेले वर्ष-आठवड्याचे आकडे त्याच्याशी जुळतात का ते पडताळावं. रंगाचं खरं वय पिकगार्ड, म्हणजे ओरखड्यांपासून वाचवणारी अंगावरची चकती, काढल्यावर कळतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाल रंग उडतो, झाकलेल्या जागी तो मूळचा राहतो. दोन्हींत काहीच फरक नसेल तर गिटार एकतर कायम केसमध्ये होती किंवा पुन्हा रंगवलेली आहे. आणि पुन्हा रंगवणं मला अक्षम्य वाटतं. उडालेला रंग हा पुरावा आहे, तो एकदा घासून काढला की परत मिळत नाही.

अशी गिटार वाजवावी की जपून ठेवावी? वाजवावीच, पण एक पूर्ण स्वर खाली लावून. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एका स्वराने उतरल्यावर कंपनसंख्या ०.८९ पट होते आणि ताण ०.७९ पट, म्हणजे ८७ किलोंचे ६९. मूळ पट्टी हवी तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, बरेच बारा तारी वादक तसंच करतात. त्या ‘जी’ तारेलाही यातून दिलासा मिळतो. मात्र ताण उतरवला त्याच दिवशी दोन्ही रॉडही थोडे सैल करावेत, नाहीतर नेक मागे झुकतो आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारा घासून खरखरायला लागतात.